डब्यांमागची खिडकी

श्रीविद्या,

नवरात्रातल्या कोलूच्या बाहुल्या मांडायच्या पायऱ्या रचायला स्वयंपाकघरातले मोठे डबे मी सकाळीच पुढच्या खोलीत नेले. डाळ-तांदूळ पातेल्यांत काढलेत. सांबार झालंय, भात तेवढा लाव. मी ओरत्तनाडूला भुवनाकडच्या बाहुल्या आणायला जाते आहे, संध्याकाळच्या बसने येईन.

नवरात्राआधी भिंतीला पिवळा रंग लावूया म्हणालीस, तर काल मी उगाच तोडून बोलले. यंदा हात आखडता आहे हे खरं, पण ते नीट सांगता आलं असतं.

आज डबे हलवले आणि त्यांच्यामागची परसाकडची खिडकी मोकळी झाली. ती उघडली, तर पुरट्टासी महिन्याचं कोवळं ऊन थेट आत आलं. गॅसमागची काळवंडलेली भिंत तू म्हणत होतीस तशीच पिवळी झाली. रिकामा डबा हातात धरून मी कितीतरी वेळ नुसती बघत उभी राहिले.

त्या खिडकीतून सकाळी विहिरीपाशी तुझे सासरे दिसायचे. ते गेल्यावर तिथे डबे मीच लावले होते. आज विहिरीवर नुसतं ऊन होतं, आणि मला ते बघवलं.

नवरात्र संपलं तरी डबे परत तिथे ठेवू नकोस.

आई