हाताबद्दल विचारायचं नाही

प्रिय टेरेल,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. अर्धवट वाचून खिशात कोंबलंस तर बघ!

तुला बेसबॉलमधलं वर्षातल्या सर्वोत्तम नवोदिताचं बक्षीस काय मिळालं, इथे आमचं जगणं मुश्कील झालंय. आईनं दुकानात सांगितलं, चर्चमध्ये सांगितलं, काल दातांच्या डॉक्टरपुढे आ करून बसली होती तरी सांगतच होती. परवा तुझ्या रिव्हरमेन संघाच्या ऑफिसातून एक बाई आल्या. स्टेडियमच्या बोळात संघाच्या आजवरच्या बक्षीसवाल्या नवोदितांचे फोटो आहेत ना, तिथे तुझाही लागणार, सोबत लहानपणीचा एखादा द्या म्हणाल्या. आईनं अख्खी पेटी उपडी केली. टबातला उघडाबंब फोटो मी लपवलाय, माझे आभार मान.

पण त्या भिंतीचं कौतुक मला सांगू नकोस. एक बारेरा सोडला तर (तो फलंदाज, मजेत खेळला) बाकी सगळे तुझ्यासारखे पिचर, चेंडू फेकणारे. पहिल्या वर्षी गावानं डोक्यावर घेतलं, पुढे कुणाचा खांदा गेला, कुणाचं कोपर. जागा जाईल म्हणून प्रत्येकानं दुखणं लपवलं. त्याच भिंतीवरचे ओटिसकाका क्रेनशॉ दर रविवारी चर्चमध्ये आपल्याच बाकावर असतात. टाळ्या वाजवताना त्यांचा उजवा हात छातीच्या वर जात नाही. वर हसून म्हणतात, "अगं नाडीन, मला कुणी विचारलंच नाही, मग मी कशाला सांगू?" असली चीड येते मला!

विचारणार तरी कोण? पिचरचा डाव रंगात आला की खेळाडूंच्या बाकावर त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, दृष्ट लागते, हे तुमचं खूळ. मैदानात चालू दे. आपल्या घरानं ते एप्रिलपासून चालवलंय त्याचं काय? मी एकदा सहज म्हटलं, "टेरेल, हात कसा आहे रे?" तर आईनं कणकेच्या हातानं माझं तोंडच दाबलं. "जीभ आवर, पोरी!"

थँक्सगिव्हिंगला टर्की कापायचा मान तुझा होता. तू सुरी रॉयमामाकडे सरकवलीस आणि काहीतरी विनोद केलास. निघताना उजवा हात डाव्या हातानं उचलून कोटाच्या बाहीत घातलास. मी पाहिलं. आईनंही पाहिलं, आणि घाईघाईनं विचारलं, कॉर्नब्रेड कुणाला बांधून देऊ?

तेव्हा आता ऐक. आज सकाळी मी तुझ्या संघाच्या डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलंय. पत्र पोचेल तोवर त्यांनी तुला बोलावलेलं असेल आणि चुगली कुणी केली म्हणून तू थयथयाट करत असशील. मी केली. फोटो लागो न लागो, पुढच्या वर्षी खेळ नाहीतर घरी बस. मला जन्मभर शिव्या दे, पण दोन्ही हात वर करून दे. आई मघापासून माझ्या खांद्यावरून हे वाचतेय. मला वाटलं, आता कागद हिसकावणार. ती एवढंच म्हणाली, "पत्ता नीट लिही."

तुझीच, आणि तू चिडलास तरी तुझीच,
नाडीन