सीटखालचं नळकांडं

४ नोव्हेंबर
बर्फाच्या कारखान्याने भंगारात काढलेला ट्रक आजपासून माझा. दुसऱ्या महायुद्धातला आहे, बघताक्षणी ओळखलं. बायको म्हणाली, कशावरून? म्हटलं, अनुभवावरून. कसल्या अनुभवावरून, ते सुदैवाने तिने विचारलं नाही.

६ नोव्हेंबर
पॉलिश पेपरने बॉनेट घासलं. निळ्याखाली लाल, लालखाली लष्करी हिरवा. त्यावर पुसटसा पांढरा आकडा. मी म्हटलंच होतं. रविवारी जुन्या गाड्यांच्या क्लबच्या परीक्षक बाई येताहेत. त्यांनी होकार दिला की मी मेंबर.

७ नोव्हेंबर, सकाळ
ड्रायव्हरच्या सीटखाली लोखंडी नळकांडं सापडलं. बोल्टने घट्ट बसवलेलं. शेजारचे काका म्हणाले, असल्या ट्रकांत जिवंत बॉम्बही राहून जातात. काकांना काय कळतंय.
दुपार: ट्रकच्या शेडला बाहेरून कुलूप लावलं. आत धूळ फार जाते.

८ नोव्हेंबर
शांतपणे विचार केला. हिरवा रंग दुधाच्या गाड्यांनाही असतो. बॉनेटवरचा आकडा घासून साफ करून टाकला. आकडा नाही म्हणजे लष्कर नाही, लष्कर नाही म्हणजे बॉम्ब नाही. जरा बरं वाटलं.

९ नोव्हेंबर
आकडा गेला, नळकांडं तिथेच. सासऱ्यांची खाट शेडच्या भिंतीला लागून, आणि त्यांना अंथरुणावरून हलवायची सोय नाही. बायको म्हणाली, पोलिसांना कळवू या. पण पोलीस ट्रकच उचलून नेतील, मग मेंबरशिप कसली? म्हटलं, उद्या बाई बघतीलच. आणि मी आहे ना. तिला ते पटलं. माझी भीती उलट वाढली.

१० नोव्हेंबर, रविवार
बाईंनी वाकून चासीवरचा नंबर वाचला. म्हणाल्या, ट्रक लष्करातलाच, पण बॉनेटवरचा आकडा कुठल्या शहाण्याने घासला? मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी नळकांड्याला हात घातला. फुस्स झालं.
मी मदत आणायला धावलो. कोपऱ्यावरच्या लाँड्रीपाशी दम लागला तेव्हा लक्षात आलं, स्फोट काही झालेला नाही. परत आलो. आग विझवायचं जुनं नळकांडं होतं, बाई त्याचे फोटो काढत होत्या.
बायको आत होती. सासऱ्यांच्या अंगावर पालथी पडून, त्यांचं डोकं दोन्ही हातांनी झाकून. ती हळूहळू उठली. म्हटलं, अगं, मी मदत आणायला गेलो होतो.
तिने माझ्या मागे पाहिलं. मागे कोणीच नव्हतं.