चोवीस आऱ्यांचं चाक आणि दहा बोटं

बाळापूर,
सोमवार, २६ सप्टेंबर २०१६

दोस्त डोमाजी यास बाळापूरहून इनायतुल्लाचा सलाम आणि जयभीम.

हे पत्र लिहायला बसलो त्या घटकेपर्यंत माझी दहाही बोटं जागेवर आहेत. ही बातमी आयशाबीनं आज सकाळी चहाच्या वेळी स्वतः मोजून पक्की केली आहे. (ती रोज दोनदा मोजते. सकाळी तिच्या चेहऱ्यावर काळजी असते. संध्याकाळी दहाच्या दहा भरल्यावर थोडी निराशा दिसते, पण तो माझा भास असेल.) तुझा गुडघा कसा आहे, वहिनींचं रक्त तपासलं का, नातू चालायला लागला का, ते सगळं सविस्तर कळव. फोन का केला नाही असं विचारशील. रेल्वेच्या शेडमध्ये तीस वर्षं इंजिनांना खेटून उभा राहिल्यामुळे तुझे कान गेले, म्हणून तुझी सून फोन स्पीकरवर लावते आणि आपलं बोलणं अर्ध्या बडनेऱ्याला ऐकू जातं. मला जे सांगायचं आहे ते ओरडून सांगण्यासारखं नाही. म्हणून हे पत्र. एकट्यानं वाच, आणि पुटपुटत वाचू नकोस. तुझं पुटपुटणंही लोकांना ऐकू जातं.

तर मी घरी एक यंत्र बनवलं आहे, आणि मला त्याची भीती वाटते. कॉम्प्युटरवर चालणारं लाकूड कोरायचं यंत्र आहे ते. शहरात त्याला सीएनसी म्हणतात, आयशाबी त्याला ‘तो’ म्हणते. तीन फुटांचं टेबल, टेबलावर आडवा पूल, पुलाला लटकलेलं राऊटर. राऊटर म्हणजे मिनिटाला पंचवीस हजार वेळा गरगरणारं पातं, इतकंच समज. पूल मागे-पुढे जातो, राऊटर डावी-उजवीकडे सरकतं, खाली-वर होतं. कॉम्प्युटरला चित्र द्यायचं, की ते यंत्र कोणाला न विचारता लाकडात उतरवतं. ‘कोणाला न विचारता’ हेच मला झोंबतं. पटाशी आपल्याला विचारते. करवत तर फारच विचारते. हे यंत्र एकदा निघालं की मागे वळून माझ्याकडे पाहतसुद्धा नाही.

कारण सांगतो, ते तुझ्यापाशीच ठेव. माझा उजवा हात थरथरतो. रमजानमध्ये सुरू झालं. आधी सरबताचा पेला, मग पटाशी. सकाळी कमी असतं, दुपारी वाढतं, कोणी पाहत असलं की फारच वाढतं. आयशाबीला ठाऊक नाही. (ती विचारते, काम मागे का पडलं, मी सांगतो, सागवान गाठीचं आहे.) तसंही सुताराकडे आता काम किती उरलंय? बैल विकले गेले तसं पेरायच्या तिफणीचं, तण काढायच्या डवऱ्याचं गिऱ्हाईक गेलं. पोळ्याला मी अख्ख्या मोहल्ल्यात मिळून लाकडाचे नंदीबैल तेवढे विकले. उरली ती दारं-चौकटींची नक्षी, आणि नक्षीला हात स्थिर लागतो. एकसष्टाव्या वर्षी हात गेला तर मी काय करायचं, दुकानावर बसून रंधा कसा धरायचा यावर भाषण द्यायचं?

आणि नेमक्या अशा वेळी, पोळ्याच्या चौथ्या दिवशी, तुझी थोरली बहीण सुंदराबाई हिवरखेडहून ऑटोत आडवी फळी घालून आली. ती फळी तू पाहिली असशील. दोन फूट रुंद, एकसंध, जुनं सागवान. भाऊजींनी घराच्या दारासाठी आणून माळ्यावर ठेवली होती. ते गेले, दार राहून गेलं. आता त्यांच्या महिला मंडळानं विहार बांधला आहे आणि त्याच्या दारावर धम्मचक्र हवं आहे, दीड फुटांचं, अशोक विजयादशमीच्या आत. फळी माझ्या अंगणात टेकवून ती म्हणाली, “इनायत, चोवीस आरे पायजेत. मी मोजीन. अन् तुह्याच हातचं पायजे. तुह्या बापानं माह्या बापाले तिफन करून देल्ली, ते चाळीस वर्सं चालली.” मी म्हणायला हवं होतं की बाई, हात गेला. पण तुझ्या बहिणीपुढे आपण शाळेत असल्यापासून खरं बोलायची हिंमत कधी केली आहे का? मी म्हणालो, होऊन जाईल. ती म्हणाली, “होऊन जाईल म्हनू नोको. कर.” आणि गेली. अशी फळी आता अख्ख्या अकोला जिल्ह्यात शोधून मिळायची नाही. एक चूक, की भाऊजींची शेवटची वस्तू जळाऊ लाकूड.

त्या रात्रीपासून मी मोबाईलवर यंत्र बनवायचे व्हिडिओ पाहू लागलो. त्यात एक गोरा माणूस होता, तो सारखा हसायचा आणि त्याच्या अंगावर भुश्याचा कण नसायचा. तिथेच मला संशय यायला हवा होता. पुलाचे रूळ म्हणून मी ड्रॉवरच्या सरकपट्ट्या लावल्या. मोटरी अकोल्याच्या भंगार बाजारातून मोडक्या झेरॉक्स मशीनच्या आणल्या. कॉम्प्युटर बंद पडलेल्या नेट कॅफेचा. चित्र आमच्या लेकीनं, गजालानं, अमरावतीहून काढून पाठवलं. ती तिथे पॉलिटेक्निकला ड्रॉइंग शिकवते हे तुला माहीत आहेच. आयशाबीनं वर्कशॉपच्या उंबऱ्यावर खडूनं रेघ ओढली आणि घरातल्यांना, शेजारच्या कोंबड्यांना आणि मलाही ती ओलांडायची बंदी केली. मी रोज तिची नजर चुकवून ओलांडत असे. आता वाटतं, कोंबड्या माझ्याहून शहाण्या होत्या.

यंत्राला सुरुवातीला एकदा शिकवावं लागतं की ‘एक’ म्हणजे किती. कॉम्प्युटरवर तिथे मिलिमीटर लिहिलेलं होतं आणि ते मी वाचलंही होतं. पण वाचणं वेगळं आणि हाताची सवय वेगळी. मी अब्बांची पितळी टोकांची फूटपट्टी घेतली, यंत्राला म्हटलं ‘एक’, आणि ते बरोब्बर एक सूत सरकेपर्यंत आकडे फिरवत बसलो. इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत. तुझ्या-माझ्या लहानपणापासून बाळापुरात लाकूड सुतातच मोजलं जातं, माझ्या स्वप्नातही सुतातच मोजलं जातं. दहा म्हटलं, दहा सूत गेलं. शंभर म्हटलं, शंभर गेलं. मला इतकं आज्ञाधारक कोणी पहिल्यांदाच भेटत होतं. मी खूश झालो.

गजालाचं चित्र मिलिमीटरमध्ये होतं. आणि एका सुतात तीन मिलिमीटरहून जास्त मावतात.

सतरा तारखेला, शनिवारी सकाळी प्लायवूडवर पहिली चाचणी घेतली. बिस्मिल्ला म्हणून बटन दाबलं. पातं दोन सूत खोल जायचं, ते पाऊण इंच गेलं, म्हणजे प्लायवूड ओलांडून खालच्या टेबलात. मला वाटलं, आवाज जरा भरदार आहे. मग ते वळायला लागलं. वळायचं ते वळेचना. दीड फुटाचं चाक पावणेपाच फुटांचं होऊन निघालं होतं आणि टेबल तर तीनच फुटांचं. पूल कडेला जाऊन धडकला, मोटरी डुरकायला लागल्या, पातं स्वतःच्याच चौकटीत घुसलं आणि कोपऱ्यातून धूर आला. आता बंद करायचं बटन मी कुठे बसवलं असेल? टेबलाच्या पलीकडे, भिंतीशी. (तिथे वायर कमी लागली.) म्हणजे बंद करायला त्या पात्यावरून हात न्यावा लागत होता, तोही थरथरणारा. डोमाजी, मी स्टुलावर चढलो. का चढलो ते मलाही माहीत नाही, पण खाली उभं राहवेना. स्टुलावरून मी यंत्राला उर्दूत विनवलं, मराठीत दरडावलं. शेवटी मला फक्त आयशाबीचं नाव आठवलं, ते मी मोठ्यानं घेतलं. ती आली, खडूच्या रेघेपाशी थांबली, मला पाहिलं, धूर पाहिला, आणि परत जाऊन घराचा मेन स्विच पाडला. मग तिथूनच म्हणाली, “उतरा आता. तो मेला.”

गजालाला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “अब्बा, एक म्हणजे किती धरलं तुम्ही?” मी म्हटलं, “एक सूत.” ती म्हणाली, “अब्बा, त्यानं तुमचंच ऐकलं.” हे वाक्य मला फार लागलं. आयुष्यभर कोणी माझं ऐकलं नाही, आणि ज्यानं ऐकलं त्यानं टेबल खाल्लं.

तिनं फोनवरून आकडे सुधारून घेतले, मी टेबल नवं केलं, बटन अलीकडे आणलं. मंगळवारी दुसरी चाचणी झाली. त्या वेळी मी दाराबाहेर उभा होतो आणि आरशातून पाहत होतो. चाक सुंदर उतरलं. दीड फूट, चोवीस आरे. आयशाबीनं रेघेपलीकडूनच बोट दाखवत दोनदा मोजले. खरं तर मी खूश व्हायला हवं होतं, पण मला घाम फुटला. कारण आता चाचणीचं निमित्त संपलं. आता खरी फळी ठेवायची. तेव्हापासून मी रोज सकाळी फळीवर हात फिरवतो आणि एखादं नवं कारण शोधतो. आज हवा दमट आहे. उद्या लाईट जाईल. (लाईट मध्येच गेली की यंत्र आपण कुठे होतो ते विसरतं, आणि आली की भलतीकडून सुरू करतं. आपल्याकडे लाईट कशी असते ते तुला मी काय सांगू.) पात्याला आग, फळीत जुना खिळा, सरकपट्टीत खडा, असा एकही धोका नाही जो मी कल्पनेत दोनदा भोगला नाही.

आणि काल तुझ्या बहिणीचा फोन आला. येत्या रविवारी, दोन तारखेला, ती मंडळाच्या अकरा बायका घेऊन पहिल्या घावाला येते आहे. रीत तुला ठाऊक आहे. ज्याचं लाकूड, त्यानं फळीचं दुसरं टोक धरायचं आणि सुतारानं पहिला घाव घालायचा. तिच्या बापानं तिफणीच्या वेळी धरलं होतं, तशी ती फळी धरणार. तिला यंत्राचं काही माहीत नाही. मी पटाशी लावली की माझ्या हाताची थरथर फळीतून थेट तिच्या तळव्यात जाईल. लाकूड अशा बाबतीत तुझ्या सुनेच्या फोनसारखं असतं. मग अकरा बायकांपुढे मी काय सांगू? आणि यंत्र दाखवावं, तर ती म्हणणार, तुह्याच हातचं म्हनलं होतं नं?

असो. वहिनींना सलाम, नातवाला दुवा. तब्येतीला जप.

तुझा,
इनायतुल्ला

ता. क. सवडीनं कधी आलास तर वीज तपासायचं मीटर घेऊन ये. मोटर गरम होते, एकदा पाहून टाक. घाई नाही.

ता. क. दुसरा. घाई आहे. मीटर राहू दे, तू ये. रविवारी त्या बायकांच्या आधी पोच. तिनं फळीला हात लावायच्या आत माझ्या हाताबद्दल तिला तूच सांग. तू सख्खा भाऊ आहेस, शिव्या आधी तुला देईल. उरलेल्या मी खाईन. आयशाबीला मात्र कळू देऊ नकोस.

ता. क. तिसरा. डोमाजी भाऊ, मी आयशा. हे पत्र पाकिटात घालाले यायनं माह्याजवळ देल्लं, मी वाचलं. हात थरथरते हे मले रमजानपासून माहीत हाय. पेला मीच देत होती नं. यायले वाटते मले काही दिसत नाई, त मी पन दिसू देल्लं नाई. काल सुंदराबाईंचा फोन येऊन गेल्यावर मी यायच्या चोरून त्यायले फोन लावला, हाताचं अन् मशीनचं, सबन सांगून टाकलं. त्या म्हने, “थरथरते तं थरथरू दे. मशीन त्यानंच केली नं? मंग त्याच्याच हातचं झालं.” मंग म्हने, “अन् मशीनवर फळीचं दुसरं टोक धराले मानूस लागते का?” म्या म्हटलं, लागत नाई, फळी आवळून धराले शिकंजे हायेत. तं म्हने, “मी धरतो म्हनजे धरतो. रीत हाय.” आता त्या आयकत नाई. हे यायले सांगू नका, आठ दिवस झोपनार नाईत. रविवारी अकरा वाजता बायकायले घेऊन काळीपिवळी येईल. फळी सुंदराबाई धरतील. बटन मी दाबीन, मी ते रेघ पुसली. तुमी नवाच्या गाडीनं अकोल्याले उतरा अन् टैमावर पोचा, कावून का स्टूल म्या लपवून ठेवला हाय, अन् यायले धराले कोनी तरी लागन.