वाकळीच्या पोटात

प्रिय पिंके,

प्रदर्शनाचे फोटो मिळाले. तिकडच्या कृष्णवर्णीय बायकांच्या कथा सांगणाऱ्या गोधड्यांच्या रांगेत आपल्या आईची वाकळ बघून ऊर भरून आला. ते जळतं घर आणि दारात अडकलेली पोरं शिवलेली गोधडी तर डोळ्यांपुढून हलत नाही. रविवारी राजापेठेतल्या शिकवणीला सुट्टी देऊन अकोल्याला गेले आणि मामाच्या घरी आईला सगळे फोटो दाखवले. तिला आता फार अंधूक दिसतं. बोट लागून फोटो सरकला की फोनवरच खेकसायची. जळत्या घरापाशी मात्र थांबली आणि म्हणाली, “हिचं कोन मेलं?” मी म्हटलं, ठाऊक नाही. तर म्हणे, “मेलंच असंल कोनीतरी. उगाच कोनी येवढे टाके घालते का?”

तिथल्या लोकांना आईची वाकळ गोड वाटली, फक्त तिच्यावर शिवलेलं झाड बुटकं आणि माणूस मोठा झालाय, असं तू लिहिलंस. माझं डोकंच फिरलं, पिंके. तू तरी त्यांना सांगायचंस! चौकातल्या आपल्या वस्तीच्या निळ्या फलकासाठी बाबा गावाशी भांडले आणि दुसऱ्या दिवशी शेंदूरजनाघाटच्या बागेत मरून पडलेले सापडले. कागदावर काय आलं? झाडावरून पडून मृत्यू. संत्र्याचं झाड ते! हात वर केला की फळ हाती येतं. आईने शिवलंय ते अगदी मापात शिवलंय. त्यावरून पडून कोणी मरत नाही, एवढंच तिला सांगायचं होतं, आणि ते ऐकायला इथे कोणी नव्हतं.

आता ऐकणार आहेत. कोर्टाने नव्याने तपास करायला सांगितलंय. आपल्या वकील पौर्णिमाताईंनी पहिलाच प्रश्न केला, त्या दिवशी अंगावर होते ते कपडे कुठे आहेत? पोलिसांनी तर ते घेतलेच नव्हते. मी म्हटलं, टाकून दिले असतील. तेव्हा आई म्हणाली, “सदरा वाकयीच्या पोटात हाये. मी धुतला नाई.”

आपल्याकडे वाकळीच्या पोटात घरच्या माणसाचा वापरलेला एक कपडा न फाडता घालतात, ऊब राहावी म्हणून. पण तो धुऊन घालतात. मला वाटायचं, वर बाबांपाशी शिवलेलं लाल ठिगळ म्हणजेच सगळं रक्त. तू ती वाकळ स्वतःच्या हाताने भिंतीवर लावलीस, तुलाही कळलं नाही.

संग्रहालय ती कायमची ठेवून घेणार आणि त्यावरच तुझी तिथली नोकरी पक्की होणार, हे मला ठाऊक आहे. तरी सांगते, ती उतरव आणि घेऊन ये. हे मागताना माझा जीव तुटतोय. सदऱ्यावर आता काही सापडेल की नाही, हे पौर्णिमाताईही सांगू शकत नाहीत. एकही टाका तोडू नकोस, पंचांसमोरच उघडायची आहे. तिथे उसवणार कोण, असं निघालं तेव्हा आई म्हणाली, “मी शिवली, मीच उसवतो.” विमानात ती सामानात टाकू नकोस, मांडीवर घे. घडी घालताना मधोमध जाडसर लागेल. तिथे दाबू नकोस.

तुझीच,
रागिणीताई