बुटकीचं पाणी

५ मार्च
बुटकीने आज दाणा हुंगलासुद्धा नाही! दादाच्या तबेल्यातली सगळ्यात लाडकी घोडी, पुढच्या आठवड्यात शर्यत, आणि ही कोपऱ्यात मान टाकून उभी. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, तर तशीच वर राहिली. हिरड्या कोरड्या ठणठणीत. रक्त तपासायला पाठवलं.

६ मार्च
मूत्रपिंडांनी हात टेकलेत. अंगात पाणी नव्हतं, आणि त्यावर परवा मीच, घोड्यांची डॉक्टर असून, पायाच्या दुखण्याचं इंजेक्शन ठोकलं! नव्या नियमाप्रमाणे ते औषध शर्यतीच्या आठवडाभर आधी बंद करायचं. मुदत संपत आली होती, म्हणून घाई केली. दारातूनच सुई टोचली आणि पळाले. हिरड्या बघायला कितीसा वेळ लागतो?

संध्याकाळी दादावर तुटून पडले. "हलकी धावावी म्हणून पाणी तोडलंस ना? शेवटी ट्रेनर तो ट्रेनरच!" तो सलाइन धरून उभा होता. एवढंच म्हणाला, "आधी हिला वाचव गं. मग काय बोलायचं ते बोल."

७ मार्च
लघवी नाही.

८ मार्च
रक्तातलं पोटॅशियम चढलं आणि हृदय अडखळायला लागलं. स्टेथोस्कोप लावला—दोन ठोके, मग शांत, मग घाईघाईने तीन. दुपारी गेली.

दादा लहान मुलासारखा रडला. मी जवळ गेले नाही. जायला हवं होतं.

१४ मार्च
शर्यतींच्या कमिटीपुढे चौकशी. दादाने सरळ सांगून टाकलं, "पाणी मी बंद केलं होतं." त्याचं ट्रेनरचं लायसन्स गेलं. मला वाटलं, बरं झालं! वाटलं खरं तसं.

१७ मार्च
वहिनी येऊन गेली. दारातच म्हणाली, "सांगू नको म्हणालेत, पण मला राहवत नाही, वन्सं. तीन तारखेला दातांची टोकं कानशीने घासायला बुटकीला गुंगी दिलीत. जाताना काय बजावलंत त्यांना? 'मी सांगेपर्यंत हिला पाणी द्यायचं नाही.' किती फोन केले त्यांनी, एकही उचलला नाहीत! शेवटी दुसऱ्या दिवशी दुपारी, तुमचं इंजेक्शन झाल्यावर, न विचारताच पाणी ठेवलं, पण तोवर ती तोंडच लावेना."

मी सांगायलाच विसरले होते.

उद्या कमिटीकडे जाणार. त्याआधी दादाकडे.