तिसरं दरपत्रक

६ फेब्रुवारी. सकाळी ९.१०, दुकान.

औषध तपासणी प्रयोगशाळेची निविदा आली. सहा काटे हवेत, चार दशांशांपर्यंत मोजणारे. म्हणजे पापणीचा केस ठेवला तरी वजन दाखवणारे.

किमान तीन दरपत्रकं हवीत, असा नियम. नियम करणारा माणूस भोळा असावा. पहिलं माझं. दुसरं मेहुण्याचं. मेहुणा पडद्याच्या कापडाचा व्यापारी, पण लेटरहेड छान आहे. तिसरं माझ्या जुन्या भागीदाराच्या फर्मचं.

भागीदाराला जाऊन चार वर्षं झाली. पण खरेदी विभागाच्या यादीत तो अजून ठणठणीत आहे. नूतनीकरणाचा फॉर्म दरवर्षी मीच भरतो. याला मी मैत्री म्हणतो. फर्मचा पत्ता त्याच्या घरचाच राहिलाय, कारण पत्ता बदलायला मालकाला स्वतः हजर राहावं लागतं. त्याने बिघडत नाही. त्याचा दर मी सगळ्यांत जास्त लावतो, त्यामुळे त्या पत्त्यावर कधी काही जात नाही. हरण्याचं काम तो चोख करतो.

ही म्हणाली, मेलेल्या माणसाला तरी आता रिटायर करा.

संकल्प: हे शेवटचं.

त्याच दिवशी. दुपारी ३.

तिसरं दरपत्रक लिहून संपवलं. मागच्या वर्षी खरेदी विभागाचा कारकून (प्रत्येक कागदाची प्रत मागतो म्हणून मी त्याला झेरॉक्स म्हणतो) बोललाच होता, शेठ, तिन्ही कागदांना एकाच भाजीचा वास येतो. म्हणून या खेपेला मेहनत घेतली. कपाटातून भागीदाराची जुनी वही काढली. आम्ही वेगळे झालो तेव्हा ती माझ्याकडेच राहिली. वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, द्यायची आहे. देईन.

त्याच्याच वळणाने दोन ओळी उतरवायला बसलो. तीन पानं झाली. खोली तापली की चौथा आकडा किती हलतो, ते तासातासाने. दार जोरात लावलं तर किती. वजन बोटाने उचलू नये, घाम तोलला जातो. माझा हात असा कधी चालत नाही. मी विकतो, लिहीत नाही.

मध्येच कपाटातून टक् असा आवाज आला. त्याच्या वजनांच्या डब्याचं झाकण. माझे कान तिखट आहेत, त्यांच्यावरच मी मोठा झालो. हमाल होतो तेव्हा खोका नुसता हलवून आत काय फुटलंय ते सांगायचो. उठून पाहिलं. डबा बंद होता. लाकूड तडकत असणार.

सही एकदम फर्स्ट क्लास जमली.

२० फेब्रुवारी. दुपारी १.

धक्का. पण छोटा.

प्रयोगशाळेत नवीन मुख्य विश्लेषक बाई आल्या आहेत. त्यांनी दर उघडायच्या आधी तांत्रिक पानं वाचली. वाचली! इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी वाचली. माझा काटा नापास. मेहुण्याचाही नापास, कारण तोही माझाच काटा, फक्त रंग वेगळा. पास एकच फर्म. झेरॉक्स हात पुढे करून म्हणाला, शेठ, तुमच्या मित्राने बाजी मारली, अभिनंदन कळवा.

मी म्हटलं, कळवतो.

नापास का, तर अकरा वर्षांपूर्वी मी दिलेले काटे तिथे अजून आहेत आणि दुपारनंतर वजन जास्त दाखवतात. हे भागीदाराने तेव्हाच सांगितलं होतं. काटे परत घेऊ म्हणाला. मी म्हटलं, चौथ्या आकड्याकडे बघतो कोण? तो म्हणाला, ज्याच्या पोराला ते औषध द्यायचंय तो. एवढ्यावरून कोणी फर्म मोडतं का? त्याने मोडली. मग वजनांचा दुसरा डबा घेऊन, एसटीने फिरून, माझेच काटे नीट करत राहिला. स्वभाव.

योजना: भागीदाराने पत्र देऊन माघार घ्यायची. फेरनिविदा. पुढचं मी पाहतो. तासाभराचं काम.

२१ फेब्रुवारी. ११.४०.

माघारीचं पत्र नेलं. झेरॉक्स म्हणाला, पत्र चालेल, पण मालकांनी फोनवर तोंडी सांगावं, बाईंचा आग्रह आहे. ठीक. दुकानात येऊन दार लावलं आणि फोन केला. आवाज खाली घेतला, जरा घोगरा केला. प्रत्येक वाक्याआधी तो खोकायचा, तसा खोकलो. झेरॉक्स म्हणाला, अहो, आवाज अगदी तसाच! कुठे होता इतकी वर्षं?

मी म्हटलं, इथेच.

तेवढ्यात बाईंनी फोन घेतला. त्यांनी दुपारच्या फरकाबद्दल विचारलं. मी सांगितलं. ओलाव्याबद्दल विचारलं. तेही सांगितलं. पंख्याखाली काटा ठेवू नका म्हणालो. दहा मिनिटं मी धडाधड बोलत होतो आणि एकही शब्द माझा नव्हता. शेवटी बाई म्हणाल्या, आमच्याकडे तपासलेलं औषध लहान मुलं घेतात हो, पहिल्यांदा कोणीतरी खरं लिहून दिलं. मला भरून आलं. आभार मानून फोन ठेवला.

माघार घ्यायची राहिली.

२४ फेब्रुवारी.

खोकला जात नाही. डॉक्टर म्हणाले, घसा साफ आहे. ही बाजूच्या खोलीतून ओरडली, कोण आलंय? मी म्हटलं, मीच खोकलो. ती दारात येऊन बघत राहिली. म्हणाली, हा खोकला तुमचा नाही.

बायका काहीही बोलतात.

२ मार्च. सकाळी १०.

ऑर्डर पोस्टात पडली. भागीदाराच्या घरच्या पत्त्यावर. काळजी नाही. पोस्टमन माझ्या ओळखीचा आहे. वहिनींच्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहायचं, हसायचं, पाकीट घ्यायचं.

३ मार्च. आला नाही.

४ मार्च. आला. वीज बिलं घेऊन.

५ मार्च. सकाळी ११.

ओळखीचा पोस्टमन रजेवर. बदली पोस्टमन गल्लीच्या दुसऱ्या तोंडाने येतो. मला कोणी सांगायला नको?

वहिनींचा फोन: भाऊजी, ह्यांना ऑर्डर आलीय. जरा येता का?

त्याच दिवशी. दुपारी ४.

जाऊन आलो. वहिनींनी पाकीट कात्रीने, कडेकडेने, नीट कापलं होतं. आत ऑर्डर आणि जोडीला माझी तीन पानं. म्हणजे त्याची. पत्रात दरपत्रकाचा नुसता क्रमांक, तारीख नाही. माझं नशीब.

वहिनींनी विचारलं, हे ह्यांनी कधी लिहिलं?

माझ्या तोंडून आपोआप निघालं: जायच्या आधी, वहिनी. सरकारी काम आहे. चार वर्षं लागतात.

त्यांना पटलं. कोणालाही पटलं असतं. पानावरून बोट फिरवत म्हणाल्या, घामाचं वाक्य ह्यांचंच, मलासुद्धा चिमट्याशिवाय वजनाला हात लावू द्यायचे नाहीत. सहीपाशी थांबल्या. म्हणाल्या, हात थरथरलेला दिसतोय, आजारपणातली असणार.

(माझी सही थरथरलेली नाही. असो.)

मग रडल्या, पण हसत. शेवटचे चार महिने तो भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. पेन दिलं तर बाजूला ठेवायचा. त्यांना वाटायचं, यांनी सगळंच सोडून दिलं. आणि आता म्हणाल्या, म्हणजे भाऊजी, आतून काम चालूच होतं की हो. मला चोरून लिहीत होते! मग मला दोनदा चहा दिला. पानं काचेखाली ठेवली.

जिना उतरताना वाटलं, आयुष्यात इतकं चांगलं काम मी केलेलं नाही.

६ मार्च.

नवी योजना, अतिशय उत्तम. खरंच तसे काटे मागवायचे. भागीदाराच्या नावाने पोचवायचे. मला त्यात काही सुटणार नाही, पण वहिनींना समाधान, बाईंना काटे, फाईल बंद, मग भागीदाराला सन्मानाने रिटायर करायचं. त्यालाही आवडेल. प्रात्यक्षिकाला मालक हजर हवा, ही एकच अट अडचणीची. काहीतरी सुचेल. मला नेहमी सुचतं.

दुपारी जिन्यावर पावलं. एक पायरी, थांबायचं, खोकायचं, दुसरी पायरी. तो असाच चढायचा. दार उघडलं. कोणी नव्हतं. दार लावलं आणि खोकला आला. मला.

९ मार्च.

वहिनींना फोन केला. सांगितलं, तुम्ही काहीच करायचं नाही, सगळं मी बघतो. त्या म्हणाल्या, नाही भाऊजी, इतकं केलंत तेच खूप. ह्यांचं शेवटचं काम आहे, मीच जाऊन विचारते वारसाला पुरवठा करता येतो का. कागद घेऊन जाते.

मी म्हटलं, कसले कागद?

म्हणाल्या, मृत्यूचा दाखला, आणखी काय.

मी सांगितलं, सध्या कचेरीत फार गर्दी असते, महिनाभर थांबा. बरं म्हणाल्या. संकट टळलं.

१२ मार्च. दुपारी २.

टळलं नव्हतं. मेहुणा सांगत आला. पडद्यांचं माप घ्यायला तो कचेरीत गेला होता. वहिनी झेरॉक्ससमोर बसलेल्या. टेबलावर मृत्यूचा दाखला, शेजारी मूळ दरपत्रक. मूळ कागदावर तारीख असते, वर्षासकट. झेरॉक्स दाखल्याकडे बघायचा, मग फोनकडे बघायचा. म्हणे, पण मी यांच्याशी बोललोय हो! तीन वेळा म्हणाला. मग बाईंनी तिन्ही दरपत्रकं एका ओळीत मांडली. मेहुणा माप न घेताच पळाला.

काही बिघडलेलं नाही. वहिनी मला बावीस वर्षं ओळखतात. समजून घेतील.

१३ मार्च. सकाळी ११.३०.

जिन्यावर पावलं. एक पायरी, थांबून दुसरी. मी दार उघडलंच नाही. वाजलं, तेव्हा उघडलं. वहिनी होत्या. गुडघे दुखतात त्यांचे.

अजिबात आरडाओरडा नाही. बसल्या. पाणी प्यायल्या. म्हणाल्या, अक्षर कोणाचं विचारलं, मी तुमचं नाव सांगितलं. साहजिकच आहे. मी म्हटलं, वहिनी, हेतू चांगला होता. त्या म्हणाल्या, तीन पानं वहीतून घेतलीत ना? वही द्या. मी कपाटातून काढून दिली. वजनांचा डबाही दिला. त्यांनी डबा उघडून पाहिला, बंद केला. टक्.

वही पिशवीत ठेवताना म्हणाल्या, म्हणजे शेवटी काहीच लिहिलं नव्हतं यांनी.

मी पिशवीचा बंद धरून दिला. बोलण्यासारखं बरंच होतं.

दारापाशी वळून म्हणाल्या, खोकल्याला औषध घ्या.

पाहा. काळजी आहे. पाणी प्यायल्या, काळजी केली. धंद्याचं काय व्हायचं ते होवो, नातं शाबूत आहे. माणसं जपली की सगळं निभावतं.

१९ मार्च. सकाळी ८.

जबाबाला आज बोलावलंय. तयारी झकास. नोंदणी जाईल, माझी आणि मेहुण्याचीही. जाऊ दे. शून्यातून वर आलो, पुन्हा येईन. सरळ सांगायचं: त्याच्या कुटुंबाशी माझं घरचं नातं, त्याचं नाव जिवंत राहावं एवढीच भावना. बाई वाचणाऱ्या आहेत. भावना वाचतील.

त्याच दिवशी. दुपारी ४.

झेरॉक्सने छापील फॉर्म दिला. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. नाव, पत्ता, धंदा भरला. चौथा रकाना, मयताशी किंवा मयताच्या कुटुंबाशी नाते. इथे मी लिहिणार होतो, दीरासारखा. पेन टेकवलं. फाईल समोरच उघडी होती, वर वहिनींचा जबाब. त्यांचं अक्षर मोठं आहे, उलट्या बाजूनेही वाचता येतं. त्यांच्या फॉर्मलाही चौथा रकाना होता. दरपत्रकावर सही करणाऱ्या इसमाशी आपले नाते.

ओळखीचे.

झेरॉक्स म्हणाला, रकाना मोकळा ठेवता येत नाही.

मी लिहिलं, ओळखीचा.