जिनसमोरचं वळण

नंदुरबार, शुक्रवार, १४ फेब्रुवारी १९५८

ते मेलं वळण! नकाशात धानोऱ्याचा रस्ता सरळच होता. आमच्या यांनी ओव्हरसियरला घरी बोलावून मांडे खाऊ घातले आणि रुंद होताना तो रस्ता नेमका आमच्या कापसाच्या जिनच्या फाटकाशी वळला. गाड्या दारात याव्यात म्हणे. त्या वळणात शेजारच्या जमनाकाकूंचा अर्धा ओटा गेला. तेव्हा हे छाती काढून त्यांना सांगत होते, "काकू, गावकरता थोडं सोसनं पडस."

आता वळणावर ट्रक घुरघुरतात, मुरुमाची धूळ उडते आणि आवारातला पांढरा कापूस लाल. आज त्याच ओव्हरसियरला अडवून हे ओरडत होते, "हाऊ रस्ता सरळ करी द्या!" लाज कशी वाटत नाही? उरलेल्या अर्ध्या ओट्यावरून काकू शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, गावकरता थोडं सोसनं पडस." सगळी आळी हसली. मी फाटकाआड उभी. हसले का? हसलेच.

जेवताना दाताखाली कचकचलं तसे यांनी डोळे वटारले. भाकऱ्या मीच खिडकीत उघड्या ठेवल्या होत्या. वळणाकडच्या खिडकीत.